दर्शन झालं की गाडी वळते, ती रात्रभर कशी थांबवायची? मध्यम शहरांसाठी मुक्कामाचा आराखडा

रविवारी सकाळी अकराला कोल्हापुरात बिंदू चौकाच्या पार्किंगपाशी उभं राहिलं तर नंबर प्लेटवर अर्धा महाराष्ट्र दिसतो. एमएच १२, एमएच १४, एमएच ०४, मधूनच केए २२ बेळगावची. माणसं उतरतात, ओटीचं ताट घेतात, अंबाबाईच्या रांगेत लागतात, बाहेर येऊन महाद्वार रोडवर चपला बघतात, तांबडा-पांढरा ओरपतात आणि चारच्या सुमाराला ड्रायव्हर गाडी वळवतो. पुणं २३० किलोमीटर, रात्री घरच्या गादीवर. मुंबईकर तर महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी येतो आणि रात्री त्याच गाडीनं परत जातो. एवढी माणसं येऊन गेली, पण शहराच्या हाती राहिलं ते पार्किंगची पावती, एक जेवण आणि फार तर एक चपलेचा जोड.

मी बरीच वर्षं कोल्हापुरात लॉजच्या काउंटरवर काढली, आणि पुढे छोट्या हॉटेलांची घडी बसवून द्यायचं काम केलं. एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. मध्यम आकाराच्या शहराचं पर्यटन मुक्कामावर चालतं, आणि मुक्काम दोन गोष्टींवर ठरतो: झोपायची खोली जुन्या पेठेपासून पायी अंतरावर आहे का, आणि सूर्य मावळल्यावर व उगवायच्या आधी बघण्यासारखं काही आहे का. हायवेला शंभर खोल्या बांधल्या तरी या दोन्हींची उत्तरं मिळत नाहीत.

खाली जी कामं सांगतो आहे ती हॉटेलवाले, व्यापारी संघ, नगरसेवक, आर्किटेक्ट या सगळ्यांनी मिळून करायची आहेत. उदाहरण कोल्हापूरचं आहे, कारण तिथली गल्ली मला माहीत आहे. तुमचं शहर सोलापूर, सातारा, नांदेड असेल तर पेठांची नावं बदलून घ्या, क्रम तोच ठेवा.

पहिलं काम: रात्री मोजा

आपल्याकडे आकडा सांगतात तो डोक्यांचा. नवरात्रात अमुक लाख आले, दिवाळीच्या सुटीत तमुक. त्या आकड्यावरून हॉटेलचं काहीच ठरवता येत नाही. तीन साधे दिवस निवडा: एक मंगळवार, एक शुक्रवार, एक रविवार. सण, यात्रा, लग्नाची दाट तिथी मुद्दाम टाळा. प्रत्येक मोठ्या पार्किंगवर सकाळी आठ ते रात्री आठ दोन कॉलेजची मुलं बसवा आणि ड्रायव्हरला तीनच प्रश्न विचारा. कुठून आलात? आज परत का? मुक्काम असेल तर कुठे?

ड्रायव्हरला विचारा, कुटुंबप्रमुखाला नको. कुटुंबप्रमुख "बघू, थांबू कदाचित" म्हणतो. ड्रायव्हरला नक्की माहीत असतं.

दुसऱ्या बाजूनं पेठेतल्या प्रत्येक लॉज-हॉटेलकडून त्याच तीन रात्रींचे दोन आकडे घ्या: एकूण खोल्या किती, भरल्या किती. नावं मागू नका, गल्ल्याचा हिशोब मागू नका. मग आकडे मिळतात.

आता हे गणित करून बघा. वीस खोल्यांचं हॉटेल म्हणजे महिन्याला ६०० खोली-रात्री. शनिवार-रविवारच्या आठ रात्री पूर्ण भरल्या तर १६०. उरलेल्या २२ रात्री रोज पाचच खोल्या लागल्या तर ११०. एकूण २७०, म्हणजे ४५ टक्के. त्याच २२ रात्रींना पाचाच्या जागी नऊ खोल्या लागल्या तर एकूण ३५८ होतात, जवळजवळ ६० टक्के. कर्जाचा हप्ता फिटणारं हॉटेल आणि रडतखडत चालणारं हॉटेल यांच्यात आडवारी लागणाऱ्या चार खोल्यांचा फरक असतो. म्हणून पुढची सगळी धडपड सोमवार ते शुक्रवारसाठी आहे. शनिवार भरायला कुणाची मदत लागत नाही.

दुसरं काम: दहा मिनिटांचं वर्तुळ, पायानं मोजलेलं

शहराचा मध्य ठरवा. कोल्हापुरात तो भवानी मंडप. तिथून सावकाश चालीनं दहा मिनिटांत जे जे लागतं ते नकाशावर मांडा. अंबाबाईचं मंदिर तर खेटूनच. जुना राजवाडा, नगारखाना. पाच-सात मिनिटांवर राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग कुस्ती मैदान आणि त्याला लागून संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. दुसरीकडे सराफांची गुजरी, चप्पल लाईन, कपिलतीर्थ मंडई. बिंदू चौकात जुन्या तटाचे अवशेष, आणि महात्मा फुले व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अर्धपुतळे. हे पुतळे १९५० चे, म्हणजे बाबासाहेबांच्या हयातीतच उभे राहिलेले. किती पाहुण्यांना हे कुणी सांगतं? ते त्याच चौकात गाडी लावतात आणि पुतळ्यांना वळसा घालून निघून जातात.

थोडं पुढे, सीपीआर रुग्णालयासमोर टाऊन हॉल संग्रहालय आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनन झालं, त्यात ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती सापडली. पंचगंगेच्या काठावर रोमन जगाशी व्यापार होत असल्याचा पुरावा म्हणजे ही वीतभर मूर्ती. तिच्यासमोर उभं राहून गोष्ट सांगणारा एक माणूस असेल तर पुण्याच्या कुटुंबाचा अर्धा तास वाढतो. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अशा चार गोष्टी झाल्या की चारचे सहा वाजतात, आणि सहा वाजल्यावर निघायचा कंटाळा येतो. मुक्काम असाच घडतो.

नकाशा झाला की दुसरी यादी करा, पाय कुठे अडखळतात याची. हे काम ऑफिसात बसून होत नाही. पासष्टीच्या एखाद्या मावशींना बरोबर घ्या आणि रात्री साडेआठला तोच रस्ता चाला. उघडं गटार, दुचाकींनी व्यापलेला फूटपाथ, बंद दिवा, भटकी कुत्री, टेकायला एक कट्टा नाही, स्वच्छतागृहाला कुलूप. मावशी जिथे थांबून तुमचा हात धरतील तिथे नकाशावर लाल टिंब. माझ्या अनुभवात अशी वीस-पंचवीस टिंबं निघतात आणि त्यातली निम्मी वॉर्डाच्या नेहमीच्या खर्चात मिटतात. मोठ्या निधीची वाट बघत बसू नका.

तिसरं काम: संध्याकाळ आणि पहाट

पाहुण्याला थांबवायचं तर त्याला दुपारी न मिळणारी गोष्ट दाखवावी लागते. कोल्हापूरकडे या बाबतीत खजिना आहे आणि आपण तो घरच्यासाठीच ठेवला आहे.

शुक्रवारी रात्री अंबाबाईची पालखी निघते. दुपारी दर्शन घेऊन गेलेल्यानं ती पाहिलेली नसते. गंगावेशीत संध्याकाळी दुधाचा कट्टा भरतो. म्हैस समोर उभी, गवळी बसला की चरवीत धार वाजायला लागते, आणि फेसाळतं कोमट दूध पेल्यात घालून तुमच्या हातात. पुण्या-मुंबईच्या मुलांनी दूध पिशवीतूनच पाहिलेलं असतं. पेला तोंडाला लावताना त्यांचे डोळे बघा. पहाटे पाचला तालमीत पोरं लाल मातीत उतरलेली असतात. वस्तादांची परवानगी घेऊन, एका वेळी सहा-आठ पाहुणे, चपला बाहेर, फोटो विचारून, असा शिस्तीत अर्धा तास ठेवता येतो. त्याचे पैसे तालमीच्या खुराकाला जावेत, दलालाला नकोत. आणि पहाटेची काकडआरती. या सगळ्यासाठी माणसाला आदली रात्र शहरात काढावीच लागते.

चपलेचंही तसंच. खरी कोल्हापुरी चप्पल बाभळीच्या सालीत कमावलेल्या कातड्याची, चामड्याच्या वादीनं शिवलेली, खिळा नसलेली. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानात टांगलेला जोड उचलून नेणारं गिऱ्हाईक दहा मिनिटांत जातं. पण "पट्टा आणि कान तुमच्या पायाच्या मापानं बसवून देतो, सकाळी दहाला या" असं कारागिरानं म्हटलं, तर त्या गिऱ्हाइकाला थांबायला कारण मिळतं. कारागीर दुकानाच्या दारात, दिव्याखाली बसून वादी ओढताना दिसला पाहिजे. आज तो गावाकडे किंवा मागच्या खोलीत असतो आणि समोर फक्त माल.

इंदूरचा सराफा बघून या. होळकरांच्या राजवाड्यामागे दिवसा सोन्या-चांदीची दुकानं, आणि रात्री ती बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाण्याचे स्टॉल लागतात, मध्यरात्र उलटेपर्यंत. नवी जागा लागली नाही, नवी इमारत लागली नाही. एकच रस्ता दोन पाळ्यांत वापरला. आपल्या गुजरीत रोज हे करायची गरज नाही. महिन्यातून दोन शनिवारी करून बघा, आणि स्टॉलइतकीच जागा साज आणि ठुशी घडवणाऱ्या कारागिरांना द्या. जळणाचा गॅस अरुंद गल्लीत आत नेऊ नका. स्टॉल चौकाच्या तोंडाशी ठेवा, आत कारागीर.

अहमदाबादनं १९९७ मध्ये कालूपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत सकाळचा हेरिटेज वॉक सुरू केला. वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, ते देशातलं पहिलं जागतिक वारसा शहर झालं. सुरुवात झाली ती एका ठरलेल्या वेळेनं आणि एका ठरलेल्या माणसानं. पाऊस असो, दोनच पाहुणे असोत, वॉक निघाला पाहिजे. एकदा "आज कुणी नाही" म्हणून बंद ठेवलात की हॉटेलचा काउंटरवाला पुन्हा कुणाला सांगत नाही.

चौथं काम: हॉटेल कुठे, आणि समोर काय

इथे परदेशातलं एक उदाहरण देतो, कारण इतकं स्वच्छ उदाहरण मला जवळपास सापडलं नाही. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यातलं ग्रीनव्हिल. २०२० च्या जनगणनेत शहराची वस्ती सुमारे ७० हजार, म्हणजे आपल्या इचलकरंजीपेक्षा कितीतरी लहान. कापडगिरण्यांचं गाव. गिरण्या आटल्या, गिऱ्हाईक शहराबाहेरच्या मॉलकडे वळलं, आणि मेन स्ट्रीटवर संध्याकाळी चिटपाखरू दिसेना.

१९७१ ते १९७९ या काळात तिथे मॅक्स हेलर महापौर होते. नाझींनी ऑस्ट्रिया घेतल्यावर १९३८ मध्ये व्हिएन्नाहून निसटून आलेले ज्यू निर्वासित. लहानपणीच्या व्हिएन्नाचे चौक आणि झाडाखालची बाकं त्यांच्या डोळ्यांपुढे होती. त्यांनी मुख्य रस्त्याच्या चार लेनच्या दोन केल्या, फूटपाथ रुंद केले आणि दुतर्फा झाडं लावली. आराखडा लँडस्केप आर्किटेक्ट लॉरेन्स हाल्प्रिन यांचा. मग त्या रस्त्याच्या एका टोकाला १९८२ मध्ये हयात रीजन्सी हॉटेल उभं राहिलं. शहरानं त्यात स्वतः भागीदारी केली. १९९० मध्ये नदीकडच्या बाजूला पीस सेंटर हे नाट्यगृह झालं. १९२५ चं पॉइनसेट हॉटेल बंद पडलं होतं, ते दुरुस्त करून २००० मध्ये पुन्हा उघडलं. आणि सगळ्यात धाडसाचं काम पुढेच आहे. शहराच्या मधोमध रीडी नदीचा धबधबा होता, पण त्याच्यावरून १९६० मध्ये वाहनांचा पूल टाकल्यामुळे तो कुणाला दिसत नव्हता. २००२ मध्ये चांगला चालता पूल पाडला आणि २००४ मध्ये तिथे बाग व पादचाऱ्यांसाठी लिबर्टी ब्रिज केला. लोक आता धबधबा बघायला येतात.

यातून घ्यायचं ते अंतर. एका टोकाला हॉटेल, दुसरीकडे नाट्यगृह, आणि मधला रस्ता पायी चालण्याजोगा. पाहुणा रात्री नाटकाला चालत जातो, परत येताना काहीतरी खातो, आणि मधली दुकानं आपोआप भरतात. हॉटेलात नाट्यगृह किंवा नाट्यगृहात हॉटेल असतं तर मधला रस्ता ओसाड राहिला असता.

आता भवानी मंडप ते खासबाग आठवा. एका टोकाला देवी, दुसऱ्या टोकाला कुस्तीचं मैदान आणि नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा आम्ही कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडलो आहोत. केशवरावांची जयंती दुसऱ्याच दिवशी होती. त्याची पुनर्बांधणी हाती घेतली गेली, तिच्याकडे नाट्यगृह म्हणून तर बघाच, पण या पायवाटेचं दुसरं टोक म्हणूनही बघा. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी तिथे दीड तासाचा कार्यक्रम (पोवाडा, शाहिरी, लावणी, मर्दानी खेळ) असेल, तर मधल्या सात मिनिटांच्या रस्त्यावर नवी खोली बांधणाऱ्याला धंदा शोधत फिरावं लागणार नाही.

आणि काळाचं भान ठेवा. ग्रीनव्हिलला झाडं लावण्यापासून पुलापर्यंत पंचवीस-तीस वर्षं लागली. एका नगरसेवकाच्या एका टर्ममध्ये हे संपत नाही. म्हणून कामाची मालकी व्यापारी संघ, हॉटेल संघ आणि पेठेतली मंडळं यांच्या कायम समितीकडे हवी.

पाचवं काम: वाड्याची खोली

पेठेत मोकळी जागा नसते, आणि ते बरंच आहे. जुने वाडे असतात, भावाभावांत वाटण्या न झालेले, वरचा मजला बंद. अशा वाड्यात आठ ते बारा खोल्या निघतात. यापेक्षा जास्त काढायला गेलात तर वाडा मरतो.

वाड्याला सगळ्यात जास्त मारतं पाणी. प्रत्येक खोलीला बाथरूम देताना पाइप सागवानी तक्तपोशीतून (मजल्यामधल्या फळ्यांतून) नेऊ नका, बाहेरच्या भिंतीला लागून एका ओळीत उतरवा. बाथरूम एकावर एक येतील अशा खोल्या निवडा. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते आणि दोन पावसाळ्यांत भिंत फुगते, तिथे चुनाच हवा. मी एका मालकांना सागाच्या तुळयांखाली पीओपीचं फॉल्स सीलिंग करताना पाहिलं. पाहुणा ज्या तुळया बघायला येणार, त्याच झाकल्या. माझं ऐकून त्यांनी एका खोलीतलं काढलं, आणि त्या खोलीला पहिली मागणी यायला लागली. दुसरा जिना करा. जुन्या वाड्यात एकच अरुंद लाकडी जिना असतो आणि आगीच्या वेळी तो आधी पेटतो. पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी आलेल्या भागात असाल तर मीटर, जनरेटर, गाद्यांचं कोठार तळमजल्यावर ठेवू नका.

आता पाहुण्याच्या सोयी. मी काउंटरवर असतानाची एक पहाट माझ्या मनातून जात नाही. पावणेपाच वाजले असतील. जळगावकडचं एक वयस्कर जोडपं एसटीतून उतरून आलं. आजींच्या हातात ओटीची पिशवी. "बाळा, आंघोळ करून काकडआरतीला जायचंय." आमचा नियम दुपारी बाराचा चेक-इन. मी नियम सांगितला. दोघं काही न बोलता समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसले. वर चार खोल्या रिकाम्या होत्या. मालकाला विचारायचीही माझी छाती झाली नाही. तीर्थाच्या गावात पाहुणा पहाटे येतो, आणि दुपारी बाराचा नियम आपण मुंबईच्या हॉटेलांकडून उचलला आहे.

म्हणून: तळमजल्यावर दोन स्वच्छ न्हाणीघरं, सामान ठेवायला कुलपाची खोली, आणि पहाटे चारपासून गरम पाणी. फक्त आंघोळीचे थोडे पैसे घ्या. असा पाहुणा संध्याकाळी खोली मागतोच, कारण सामान तुमच्याकडे असतं. बाकीही यादी लहान आहे. एक खोली जिना न चढता जाता येईल अशी. आजी-आजोबा, आई-बाप आणि दोन मुलं एकत्र राहतील अशी सहा गाद्यांची एक खोली. उपासाचं काहीतरी नेहमी तयार. चपला काढायला बाक.

आणि ड्रायव्हरला पलंग. हे मी ठासून सांगतो. गाडीत झोपलेला ड्रायव्हर चार वाजता म्हणतो, "साहेब, लवकर निघू, घाटात गर्दी होते." ज्याला स्वच्छ पलंग, आंघोळ आणि जेवण मिळतं तो म्हणतो, "राहू की आज, उद्या पन्हाळा करून जाऊ." चार पलंगांची एक खोली ठेवा. अख्ख्या हॉटेलात तिच्याइतकी कमाई करून देणारी खोली नसेल.

पन्हाळ्याचं आलंच म्हणून सांगतो. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातले १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यात पन्हाळा आहे. शहरापासून वीस-बावीस किलोमीटर. वाटेत जोतिबा. दुसऱ्या दिवसाचा हा तयार कार्यक्रम आहे, पण तो काउंटरवरच्या माणसाला तोंडपाठ हवा: किती वाजता निघा, कुठे नाश्ता करा, जोतिबाला कोणत्या वारी जाऊ नका.

सहावं काम: रस्ता

महाद्वार रोड पादचाऱ्यांसाठी मोकळा करा म्हटलं की दुकानदार विरोध करतात, आणि त्यांचं भय खरं आहे. कायमची बंदी जाहीर करून सुरुवात करू नका. एकच तुकडा, शनिवारी संध्याकाळी सहा ते दहा, तीन महिने. मालाच्या गाड्या सकाळी दहाच्या आत. रहिवाशांच्या दुचाकींना पास. पार्किंगपासून म्हाताऱ्या माणसांसाठी ई-रिक्षा, दर ठरलेला आणि फळ्यावर लिहिलेला. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाचा बंब जाईल एवढी रुंदी मधोमध मोकळी, तिथे एकही टेबल नको.

तीन महिन्यांनी धंदा वाढला का हे विचारताना गल्ला विचारू नका, कुणी सांगणार नाही. बिलांची संख्या विचारा. शनिवारी किती बिलं फाटली, आधीच्या शनिवारी किती. हा आकडा दुकानदार सहज देतो आणि त्याच आकड्यानं त्याचं मनही वळतं.

पाट्या मराठीत आणि कन्नडमध्ये हव्यात. बेळगाव, विजापूर, हुबळीकडून येणारा भाविक आपला जुना पाहुणा आहे. बाणासोबत किलोमीटर लिहू नका, चालायची मिनिटं लिहा. इमारतींच्या उंचीकडेही लक्ष द्या. नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेरीस मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन देवीच्या मूर्तीवर पडतात, तो किरणोत्सव. ती वाट पश्चिमेकडच्या घरांवरून येते, आणि एखादा वाढीव मजलासुद्धा आड येतो. असा एखादा नाजूक धागा तुमच्याही शहरात असेल. तो विकास आराखड्यात आधी लिहून घ्या, मजला चढल्यावर भांडून उपयोग नसतो.

सातवं काम: आडवारचा पाहुणा

मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून चालू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे. हॉटेलच्या भाषेत याचा अर्थ असा, की सोमवार ते शुक्रवार सोलापूर-सावंतवाडीचे वकील आणि पक्षकार शहरात मुक्कामाला येणार. कोर्ट सीपीआरसमोर, म्हणजे पेठेपासून लांब नाही. वर ज्या चार खोल्यांचं गणित मांडलं त्या इथे आहेत.

त्यांच्या गरजा यात्रेकरूंपेक्षा वेगळ्या. टेबल, चांगला दिवा, प्रिंटर, इस्त्री, सकाळी आठला नाश्ता, आणि नीट बिल. महिन्यातून चारदा येणाऱ्याला ठरावीक दर द्या आणि नवरात्रातही तो मोडू नका. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या कारखान्यांत येणारे इंजिनिअर आणि शिवाजी विद्यापीठात येणारे परीक्षक यांनाही हेच लागू. हा पाहुणा शुक्रवारी घरी न जाता कुटुंबालाच बोलावून घेईल, पालखी दाखवेल, शनिवारी पन्हाळा करेल, असा बेत त्याच्या हातात आयता ठेवा.

आठवं काम: पेठेतली माणसं

पणजीच्या फोंतान्यश भागात रंगीत घरांपुढे फोटो काढणाऱ्यांची एवढी गर्दी झाली की रहिवाशांना फोटो काढू नका अशा पाट्या लावाव्या लागल्या. कुणाच्या ओट्यावर चढून, कुणाच्या दारात पाय पसरून फोटो. पेठेतलं किराणा दुकान, पिठाची गिरणी, शिंपी हे गेले आणि सगळीकडे स्मरणवस्तूंची दुकानं झाली, तर दुसऱ्यांदा येण्यासारखं काही उरत नाही. प्रत्येक नव्या हॉटेलनं भाजी कपिलतीर्थातून, दूध गल्लीतल्या गवळ्याकडून आणि निम्मी माणसं पेठेतून घ्यावीत, असा लेखी ठराव संघानं करावा. रात्री दहानंतर गल्लीत गाणी नाहीत. समितीत निदान दोन गृहिणी असाव्यात, कारण पाण्याचा दाब कमी झाला की ते आधी त्यांनाच कळतं.

कागद आणि पैसा, थोडक्यात

२२ सप्टेंबर २०२५ पासून दर रात्री ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, पण इनपुट क्रेडिट मिळत नाही. म्हणजे वाड्याच्या दुरुस्तीवर भरलेला कर तुमच्याच अंगावर. बजेट करताना तो खर्चातच धरा. अग्निशमन दाखला, अन्न परवाना आणि पोलिसांकडची नोंद यांत पळवाटा शोधू नका. परदेशी पाहुण्याची माहिती चोवीस तासांत ऑनलाइन द्यावी लागते. तुम्ही त्याच घरात राहत असाल आणि दोन-चार खोल्याच द्यायच्या असतील, तर राज्याच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदणी करा, ती सगळ्यात सोपी सुरुवात. बाईच्या नावावर व्यवसाय असेल तर राज्याच्या "आई" धोरणात १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा आहे. बँकेत जायच्या आधी पर्यटन विभागाच्या कार्यालयात जा.

पहिल्या वर्षाचा क्रम

दिवाळीनंतर मोजणी. डिसेंबरात मावशींबरोबरची रात्रीची फेरी आणि लाल टिंबं. जानेवारी ते मार्च स्वच्छतागृहं, दिवे, पाट्या आणि रोजचा सकाळचा वॉक. मार्चपासून मेअखेरपर्यंत शनिवारचा मोकळा रस्ता. पावसाळ्यात बांधकाम नको, पण वाड्यांच्या मालकांशी बोलणी, नकाशे, परवाने हे सगळं याच चार महिन्यांत उरकतं, कारण तेव्हा त्यांना आणि तुम्हालाही वेळ असतो. नवरात्रात नवं काहीही सुरू करू नका, त्या दहा दिवसांत शहर आपला भार पेलतं तेवढं पुरे.

मग पुन्हा दिवाळी होईल. त्याच तीन वारी, त्याच पार्किंगवर मुलं बसवा आणि तेच तीन प्रश्न विचारा. मुलं शक्यतो गेल्या वर्षीचीच घ्या, ड्रायव्हर त्यांना ओळखून नीट उत्तर देतात.